चमकोगिरी, बारा व्होल्टची

डिसेंबर १९१०. पॅरिसमध्ये मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे जॉर्ज क्लोद नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने सुमारे बारा-बारा मीटर लांबीच्या दोन निऑनच्या नळ्या पेटवून दाखवल्या. निऑनच्या दिव्याची लोकांशी ही पहिली मोठी ओळख. दुकानांच्या पाट्या, हॉटेलांचे बोर्ड, थिएटरांचे दर्शनी भाग हे सगळं त्यानंतरचं. शोभेच्या दिव्यांची आणि मोटारीची गाठ आधी पडली ती अशी. तेव्हा रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंपरखाली डोकं घालून, हातात एलईडीची पट्टी धरून पडलेल्या पोराला कुणी काका ‘हे काय नवीन खूळ’ म्हणाले, तर त्याने शंभर वर्षांहून जुना दाखला द्यावा.

उजळणारा टायर

या खुळाचा कळस अमेरिकेत झाला. १९६१ मध्ये गुडइयर कंपनीने चक्क आतून उजळणारा टायर केला. रबराऐवजी प्रकाश आरपार जाऊ देणारं पॉलियुरेथेन वापरलं, त्याला निओथेन असं नाव दिलं, त्यात हवा तो रंग मिसळला आणि रिमवर आतल्या बाजूने छोटे बल्ब बसवले. रात्री गाडी निघाली की चाकं लाल, पिवळी, हिरवी. फोटो झकास आले. टायर मात्र ओल्या रस्त्याला धरेना आणि जोरात ब्रेक दाबला की वितळायला लागे. बाजारात तो कधी आलाच नाही.

आज चाकात उजेड पाडायचा असेल तर लोक ब्रेकच्या डिस्कमागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर एलईडीचं कडं बसवतात. चाक फिरतं, वायर जागच्या जागी राहते. फक्त हे कडं डिस्कपासून पुरेसं लांब हवं, कारण घाट उतरून आलेली डिस्क किती तापते हे आंबेनळी उतरून आलेल्या माणसाला सांगायची गरज नाही.

गाडीच्या पोटाखालून रस्त्यावर पडणारा उजेड, ज्याला दुकानदार ‘अंडरग्लो’ म्हणतात, तो आधी निऑनच्या नळ्यांचा होता. काचेच्या नळ्या, सोबत हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर, आणि वर बसलेले आपण. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या सिनेमाने तो जगभर पोचवला, २००३ च्या ‘नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड’ या व्हिडिओ गेमने घराघरातल्या कॉम्प्युटरवर आणला. आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरवर काचेची नळी किती दिवस टिकली असती, याचा हिशेब मांडायची वेळच आली नाही. तोवर एलईडी स्वस्त झाले होते.

जपानी ट्रक ड्रायव्हरांनी तर या छंदाची शाळाच काढली. ‘देकोतोरा’ म्हणजे शेकडो दिव्यांनी आणि क्रोमच्या पत्र्यांनी मढवलेले ट्रक. बुन्ता सुगावारा या नटाच्या ‘तोराक्कू यारो’ सिनेमांनी १९७५ ते १९७९ या काळात हे वेड पसरवलं. चार-पाच वर्षांत दहा सिनेमे, नायक ड्रायव्हर, आणि नायिकेइतकाच नटलेला ट्रक. आपल्या हायवेवरचा नवरीसारखा सजवलेला ट्रक बघितलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही.

आणि पुढच्या ग्रिलमध्ये डावीकडून उजवीकडे पळणारा तो लाल ठिपका? तो १९८२ च्या ‘नाइट रायडर’ मालिकेतल्या ‘किट’ या बोलक्या गाडीचा. निर्माते ग्लेन लार्सन यांनी आधीच्या ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ मालिकेतल्या यंत्रमानवांना दिलेला पळता डोळा पुन्हा इथे वापरला. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेली मंडळी या सर्किटला आजही ‘लार्सन स्कॅनर’ म्हणतात. बाजारात हीच पट्टी ‘नाइट रायडर’ नावाने मिळते. ती गाडीच्या पुढे लावायला आपल्याकडे बंदी आहे, त्याकडे येऊच.

निळ्याने तीस वर्षं रडवलं

१९०७ मध्ये मार्कोनी कंपनीतला हेन्री राउंड हा इंजिनिअर कार्बोरंडमच्या तुकड्याला वायर टेकवून बघत होता. कार्बोरंडम म्हणजे धार लावायच्या दगडात आणि पॉलिश पेपरमध्ये असतो तो सिलिकॉन कार्बाइड. वीज सोडली आणि तुकडा पिवळसर चमकला. राउंडने ते छापून आणलं आणि जग पुढे गेलं. डोळ्यांना दिसेल असा कामाचा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये केला तो थेट १९६२ साली. पिवळा आला १९७२ मध्ये. निळा काही केल्या येईना.

निळ्याचं घोडं अडलं ते स्फटिकांवर. निळ्या प्रकाशाच्या कणात लालपेक्षा जास्त ऊर्जा असते, त्यासाठी गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक हवे होते, आणि ते कुणाला नीट वाढवता येत नव्हते. इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी नागोयात, तर शूजी नाकामुरा यांनी निचिया या कंपनीत ते जमवलं. १९९३ च्या सुमारास झगझगीत निळा एलईडी बाजारात आला. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाकामुरांना कंपनीने या शोधाबद्दल दिलेलं बक्षीस होतं वीस हजार येन. पुढे ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली.

निळा आला म्हणून पांढरा आला. आज गाडीवर लावतो तो पांढरा एलईडी आतून निळाच असतो. वर पिवळा फॉस्फर लावलेला असतो, निळं आणि पिवळं मिसळून डोळ्यांना पांढरं दिसतं. बंद असताना पांढऱ्या पट्टीवरचे ठिपके हळदीसारखे पिवळे का दिसतात, त्याचं उत्तर हेच.

रंग बदलणाऱ्या पट्टीतही अशीच फसवणूक चालते. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीनच दिवे असतात आणि पिवळा म्हणून जो दिसतो तो लाल-हिरव्याची बेरीज असतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या की खोक्यावरचे ‘१ कोटी ६७ लाख रंग’ तयार होतात. प्रत्यक्षात माणूस चार रंग लावून बघतो आणि निळ्यावर ठेवून देतो.

मला हा निळा अजिबात पटत नाही. त्याला कारणही आहे. अंधार वाढतो तशी आपली नजर निळ्या-हिरव्याला जास्त दाद देते आणि लाल रंग तिला काळपट दिसू लागतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाला १८१९ मध्ये पहाटेच्या फिरण्यात फुलांकडे बघताना हे जाणवलं, म्हणून हा परिणाम त्याच्या नावाने ओळखतात. दिवसा दुकानात सौम्य वाटलेली निळी पट्टी रात्री शेजारच्या बाल्कनीत डोळ्यांत घुसते ती यामुळे. उबदार पिवळसर पट्टी घ्या, गाडी महाग दिसते. हे शास्त्र नाही, माझं मत आहे.

कात्री लावण्याआधी

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोड. कुठेही गेलात तरी पट्टीच्या रिळावर आकडे दिसतील: ३५२८, २८३५, ५०५०. मॉडेल नंबर वाटतात, पण ती लांबी-रुंदी आहे. ५०५० म्हणजे ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरचा दिवा, ३५२८ म्हणजे साडेतीन बाय २.८. इतकं सरळ.

पट्टी कापता येते, पण वाटेल तिथे नाही. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कापायची खूण असते. कारण पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला पेटायला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. तीन दिवे एकामागे एक जोडले की ९.६ व्होल्ट झाले, उरलेले २.४ व्होल्ट शेजारचा छोटा रेझिस्टर पचवतो. असे तिघांचे गट पट्टीभर समांतर बसवलेले असतात. म्हणून खराब पट्टीत नेमके तीन दिवे एकत्र जातात, दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की ओळ जायची तसे, आणि बाकीची पट्टी शांतपणे जळत राहते. मीटरला ६० दिव्यांची पट्टी असेल तर दर ५ सेंटिमीटरला खूण येते. मधे कापलंत तर तो तुकडा गेला.

आता खरी मेख. गाडीची बॅटरी ‘बारा व्होल्ट’ म्हणवते, पण नुसती उभी असताना ती १२.६ च्या आसपास असते आणि इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिला १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. वाढ फक्त वीस टक्के, असं वाटतं. पण एलईडी आपले ९.६ सोडून फारसं काही घेत नाहीत. जादाचा सगळा भार रेझिस्टरवर येतो. २.४ चे झाले ४.८. रेझिस्टरवरचा व्होल्टेज दुप्पट, म्हणजे पट्टीतला करंटही जवळजवळ दुप्पट. घरातल्या खिडकीला लावली तर वर्षानुवर्षं टिकणारी पट्टी गाडीला लावली की काही महिन्यांत काळवंडते, त्याचं कारण या वजाबाकीत आहे. उपाय सोपा: पट्टीच्या आधी व्होल्टेज बारावर बांधून ठेवणारा रेग्युलेटर लावा, किंवा वाहनासाठीच बनवलेली पट्टी घ्या. दुकानदार ‘सगळ्याला एकच चालते साहेब’ म्हणेल. त्याला रेझिस्टरचा हिशेब विचारून बघा.

एलईडी थंड असतात, हेही अर्धसत्य. पुढे उजेडात उष्णता नसते, ती मागे पाठीतून निघते. थंड देशांत याचा वेगळाच ताप झाला: जुन्या हॅलोजन बल्बच्या उष्णतेने हेडलाइटवरचा बर्फ वितळायचा, एलईडी आल्यावर तो तसाच साचून राहू लागला. आपल्याकडे उलटी तक्रार. मे महिन्यात उन्हात तापलेल्या बोनेटखाली लावलेली पट्टी आणि तिच्या पाठीचा गोंद, दोन्ही हात टेकतात. बोनेटच्या आत इंजिनजवळ शोभेचं काही लावू नये, हे बरं.

एक जादूचा प्रयोग मुलांना दाखवण्यासारखा: एलईडीवर बाहेरून प्रखर प्रकाश पाडा आणि त्याच्या दोन पायांना मल्टीमीटर लावा. काटा हलतो. एलईडी उलट चालवला की तो चिमुकला सोलर सेल असतो.

पावसाळा आणि इतर शत्रू

खोक्यावरच्या ‘आयपी ६५’, ‘आयपी ६७’ या आकड्यांत पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. दुसरा ५ म्हणजे पाण्याची धार सोसेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल. गंमत अशी की ७ मोठा म्हणून त्यात ५ आपोआप येतो असं नाही. बुडवून बघितलेली पट्टी धारेपुढे टिकेल याची हमी त्या आकड्यात नाही. आणि गाडी बुडते क्वचित, वॉशिंग सेंटरवर प्रेशर गनची धार दर महिन्याला खाते. जवळून मारलेल्या गरम धारेसाठी ६९ हा वेगळाच आकडा आहे. तो शोभेच्या पट्टीवर सहसा नसतो, तेव्हा गन मारणाऱ्या पोराला आधी सांगून ठेवा.

पट्टी कापली की आयपीचा आकडा खोक्यापुरता उरतो. कापलेलं टोक उघडं पडलेलं असतं. ते सिलिकॉन सीलंटने बंद करतात. इथे नाकाचा उपयोग करा. ज्या सीलंटला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून सुकताना अॅसेटिक आम्ल सुटतं आणि ते तांबं खातं. बाथरूमच्या टाइलला ते चालेल, वायरीच्या जोडाला नाही. बिनवासाचं, ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. पट्टीवरचं पारदर्शक आवरणही बघून घ्या: खरं सिलिकॉन उन्हात पारदर्शकच राहतं, स्वस्त इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन पिवळं पडतं आणि मग तडकतं.

चिकटवायची दुहेरी टेप हा अनेकांना किरकोळ मामला वाटतो. थ्री-एमची व्हीएचबी टेप १९८० मध्ये आली आणि आज तिच्यावर इमारतींच्या दर्शनी भागाचे पत्रेही चिकटवतात. तीच टेप गाडीवर दोन दिवसांत लोंबते, कारण घाई. लावल्यावर वीस मिनिटांत तिची निम्मी ताकद येते, २४ तासांत नव्वद टक्के, पूर्ण ताकदीला ७२ तास. म्हणजे रविवारी लावून सोमवारी गाडी धुवायला नेणारा माणूस टेपला नावं ठेवायला मोकळा नाही. आधी शाम्पूने धुवा, कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश हाताला असेल तर ते हात टेपला लावू नका. त्यातल्या सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही.

वायर बोनेटमधून आत केबिनमध्ये न्यायची तर मधल्या पत्र्यातलं रबरी बूच, म्हणजे ग्रोमेट, सोडून दुसरीकडून नेऊ नका. पत्र्याची कड गाडीच्या थरथरीने वायर हळूहळू कापते. आणि आत शिरायच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या. वायरीवरून वाहत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळतं, आत जात नाही. डिश टीव्हीवाला खिडकीपाशी करतो ती हीच युक्ती. जोडांना पीळ मारून काळी टेप गुंडाळणे ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे. एका पावसाळ्यात टेप सुटते आणि तांबं हिरवं पडतं. डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, आणि वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा. लायटरने गरम केली की आवळते.

फ्यूज दिव्यासाठी नसतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथे. फ्यूज दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. चारचाकीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकड्यांनी अँपिअर ओतते आणि त्यात बारीक वायर काही सेकंदांत लाल होते. म्हणून फ्यूज दिव्यापाशी लावून उपयोग नाही, तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम बेवारस असतो. तो जितका लहान तितकी रात्रीची झोप चांगली.

हिशेब असा. मीटरला ६० दिव्यांची ५०५० पट्टी साधारण १४.४ वॅट खाते, म्हणजे मीटरला १.२ अँपिअर. अडीच मीटर लावली तर तीन अँपिअर. मग पाचचा फ्यूज पुरे. गाड्यांच्या पातीच्या फ्यूजना रंगांची भाषा आहे: ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. ‘पाचचा उडतोय’ म्हणून तिथे पंधराचा निळा खोचणारा माणूस फ्यूज दुरुस्त करत नाही, वायरीलाच फ्यूज बनवतो.

रिले घेतलात तर त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे दिसतील. हे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले. ३० म्हणजे थेट बॅटरीचा प्लस, ८५-८६ आतल्या कॉइलचे, ८७ पुढे दिव्याकडे. त्याच यादीत १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी लाइन आणि ३१ म्हणजे अर्थ. श्टुटगार्टच्या वर्कशॉपमध्ये आणि तुमच्या नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आकडे तेच.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढतात, लावताना शेवटी लावतात. यात रीतिरिवाज नाही. गाडीची अख्खी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लसचा नट सोडवताना पान्ह्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर तिथेच आतषबाजी. मायनस आधी निघाला असेल तर पान्हा कुठेही लागो, काही होत नाही. जुन्या इंग्लिश गाड्या मात्र अपवाद. साठच्या दशकापर्यंत त्यांतल्या कित्येकांची बॉडी प्लसला जोडलेली असे. व्हिंटेज रॅलीसाठी आजोबांची ऑस्टिन सजवायला घेतली असेल तर आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला गेलंय ते बघा, कारण एलईडी एकाच दिशेने पेटतो.

दोन रंगांपासून लांब राहा. पिवळ्या कनेक्टरच्या, पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. तिथे टेस्ट लॅम्प लावून बघणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबलींमध्ये शेकडो व्होल्ट असतात. इलेक्ट्रिक गाडीतही दिवे, काचा, हॉर्न यांच्यासाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, हे अनेक मालकांनाच माहीत नसतं. शोभेचं जे काय करायचं ते तिच्यावर.

लाल पुढे नको, मागे लालच

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम शोभेच्या दिव्यांचा निम्मा बाजार उठवतो: गाडीच्या पुढे लाल दिवा दिसता कामा नये, मागे लालखेरीज दुसरा दिसता कामा नये. इंडिकेटर, रिव्हर्सचा पांढरा, नंबर प्लेटवरचा पांढरा असे मोजके अपवाद. ग्रिलमधला ‘नाइट रायडर’ इथेच बाद. डिकीखालची निळी पट्टीसुद्धा. मंत्र्यासंत्र्यांचे लाल दिवेही याच नियमाच्या आधाराने पेटत होते. नियम बदलला आणि १ मे २०१७ पासून, महाराष्ट्र दिनीच, ते उतरले. रुग्णवाहिकेचा लुकलुकता लाल दिवा मात्र राहिला. नियमात त्याला जांभळी काच सांगितली आहे.

याच नियमात बल्बच्या जमान्यातली एक सूट आहे: सात वॅटपर्यंतचा, दुधी काचेआडचा दिवा चालेल. नियम लिहिला गेला तेव्हा सात वॅट म्हणजे देवघरातल्या झिरो बल्बएवढा मिणमिणता उजेड. आज सात वॅटच्या एलईडीत खोली उजळते. पोलिसाशी या मुद्द्यावर वाद घालायला जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद कायद्यात आहे. ‘प्रत्येकी’ या शब्दावर चाकांची संख्या मोजून बघा.

जर्मनीत तर नियमच उलटा आहे. जे दिवे सांगितलेत किंवा मान्य केलेत तेवढेच गाडीवर असावेत, बाकी काहीच नाही. उलट कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांनी २०२३ मध्ये मर्सिडीजला एक नवाच रंग वापरायची परवानगी दिली: फिरोजी. गाडी स्वतःच स्वतःला चालवत असेल तेव्हा बाहेरचे छोटे फिरोजी दिवे पेटतात, म्हणजे स्टिअरिंग सोडून बसलेला माणूस बघून पोलिसाने दचकू नये.

दिव्यांच्या बाबतीत कंपन्याही कमी हौशी नव्हत्या. १९६५ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये मागचे इंडिकेटर आतून बाहेर एकामागे एक पेटत जायचे. आज चिप करते ते काम तेव्हा छोटी मोटर आणि तिच्यावर फिरणारे कॅम करत. आणि एलईडी ब्रेक लाइट नुसते देखणे नसतात: साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद जास्त घेते. ताशी १०० किलोमीटर वेगात मागच्या गाडीला ते साडेपाच मीटर आधी दिसतात. कंपनीने दिलेल्या या दिव्यांभोवती शोभेची लाल पट्टी लावून तो फरक मिटवू नये, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून शोभेची लायटिंग उभ्या गाडीची. वेगळा स्विच, रस्त्यावर बंद. गणपतीत मंडपाशेजारी, दिवाळीत अंगणात, लग्नात हॉलच्या दारात.

आणि तिथेच बॅटरी गोत्यात येते. पाच मीटर पट्टी सहा अँपिअर ओढते. छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. इंजिन बंद ठेवून तीन तास रोषणाई केली की निम्मी बॅटरी संपली, आणि स्टार्टर मोटर निम्म्या बॅटरीवर रुसते. वरात निघायच्या वेळी मित्रांनी धक्का मारायची तयारी ठेवलेली असते, पण नवरदेवाची गाडी ऑटोमॅटिक निघते, आणि ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होत नाही. जंपर केबल लागतात. लाल चिमटे दोन्ही प्लसना, काळा आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, जरा लांब. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडतेच, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो.